दुष्टपणाचा चेहरा



वैभववाडीपासून मालवणपर्यंत जत्रेच्या रात्री दशावतार पाहिला नाही असा माणूस विरळाच. त्यातला संकासुर वेद पळवतो. काळा वेष, लोंबती लाल जीभ. पोरेसोरेही त्याला तत्काळ ओळखतात. शिवाय तो मालवणीत असे काही बोलतो की भीतीपेक्षा हसूच येते! विष्णू त्याचा वध करतो आणि पुढचे आख्यान सुरू होते. कुरआनातील इब्लिस अहंकारापायी सजद्याला नकार देतो, पण निदान उघडपणे देतो.

ज्याची जीभ लोंबत नाही तो दुष्टपणा ओळखायचा कसा? हा प्रश्न विजय तेंडुलकरांनी १९६७ साली 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकात मांडला. मुंबईची हौशी नाटकमंडळी एका गावी प्रयोगासाठी येते आणि वेळ घालवायला लुटुपुटीचा खटला चालवते. आरोपी त्यांच्यातलीच शिक्षिका, लीला बेणारे. थट्टा करता करता तिचे खाजगी आयुष्य चव्हाट्यावर येते. ती अविवाहित आहे आणि आई होणार आहे. मग सारे तिच्यावर तुटून पडतात. यांत गुंड एकही नाही. सगळी पांढरपेशी, समाजसेवेची भाषा बोलणारी माणसे. गावचा सामंत तर अगदी भोळा. साक्षीदार केल्यावर तो हातातल्या कादंबरीतले सांगत जातो, आणि फास आवळत जातो. मला सर्वांत भीती वाटते ती या सामंताची.

विचारवंत हाना आरेंट यांनी १९६१ साली जेरुसलेमला आइशमनचा खटला पाहिला. लाखो ज्यूंना मृत्यूच्या छावण्यांकडे धाडणारा हा नाझी अधिकारी त्यांना राक्षस वाटला नाही; दुसऱ्याच्या जागी उभे राहून विचार करणे ज्याला जमतच नाही, असा सामान्य माणूस वाटला. आइशमन इतका साधा नव्हता, असे पुढच्या अभ्यासकांनी दाखवले आहे. सामंताला मात्र तो विचार चपखल लागू पडतो.

पालकहो, एखाद्या मुलीविषयी वाडीत कुजबुज सुरू होते. बोलणारा प्रत्येकजण फक्त ऐकलेले पुढे सांगत असतो. चार दिवसांनी तिचे दप्तर खुंटीला लागते. तिला कोणी काही विचारलेले असते का? हजेरीपटावर तिच्या नावापुढे रोज गैरहजेरी मांडावी लागते, ती आम्हा शिक्षकांना.

विद्यार्थी मित्रहो, नाटक वाचताना आणखी एक पाहा. ज्यांचे नाव बेणारेबरोबर जोडले जाते ते विवाहित प्रा. दामले त्या दिवशी मंडळींबरोबर आलेलेच नाहीत. शिक्षा सुनावली जाते ती एकट्या बेणारेला.