ज्वालामुखीची नाडी

भूगोलाच्या पुस्तकांत ज्वालामुखीचें चित्र असतें तें बहुधा फुटलेल्या डोंगराचें. फुटण्यापूर्वींचे आठवडे त्या चित्रांत येत नाहींत. शास्त्रज्ञांची खरी कसोटी मात्र त्या आठवड्यांतच लागते.

फिलिपाइन्समधील लुझॉन बेटावर, मनिलाच्या वायव्येस सुमारे ९० किलोमीटरांवर पिनातुबो नांवाचा डोंगर आहे. सुमारे ५०० वर्षें तो स्वस्थ होता. उतारावर अरण्य, त्यांत आएता लोकांची वस्ती, आणि जवळच अमेरिकेचा क्लार्क हवाई तळ. २ एप्रिल १९९१ रोजीं त्याच्या कुशींतून एकाएकीं वाफेचे लोट उसळले. दोन्ही देशांचे शास्त्रज्ञ तेथें धांवले. त्यांनीं डोंगराभोंवतीं भूकंपमापक यंत्रें मांडलीं आणि त्यांच्या नोंदी बिनतारी लहरींनीं क्लार्क तळावर आणविल्या.

पूर्वीं अशा नोंदी फिरत्या नळकांड्यावरील कागदावर सुईनें रेखल्या जात. हादरे तुरळक असले तर ठीक. पण ते एकावर एक येऊं लागले, कीं रेघांत रेघा मिसळून कागद काळा होतो व एकेक हादरा निवडणें अशक्य होतें. सेंट हेलेन्सच्या १९८० मधील उद्रेकानंतर अमेरिकन शास्त्रज्ञांनीं यावर तोडगा काढला. हादरे मोजावयाचेच नाहींत. ठराविक मिनिटांत जमीन सरासरीनें किती हालली, एवढाच आंकडा संगणकानें काढीत राहावयाचा. वैद्य नाडीचा प्रत्येक ठोका लिहून ठेवीत नाहीं, तिची गति पाहतो, तसेंच हें. हिशेब इतका सोपा, कीं त्या काळचा साधा संगणकहि तो सहज करी. मला तर या साधेपणाचेंच कौतुक वाटतें.

आंकडे मात्र नेहमीं एका तोंडानें बोलत नाहींत. १३ मे रोजीं पिनातुबोंतून दिवसाला सुमारे ५०० टन सल्फर डायऑक्साइड वायु बाहेर पडत होता. २८ मे रोजीं तो ५,००० टनांवर गेला, आणि जूनच्या आरंभीं एकदम ३०० टनांखालीं उतरला. ताप उतरल्यासारखें वाटून कोणासहि हायसें वाटावें! परंतु हादरे वाढतच होते. शास्त्रज्ञांनीं अर्थ लावला, कीं वायूची वाट बुजली असून आंत दाब सांचत आहे.

हें लोकांना पटवावें कसें? १९७६ सालीं ग्वादलूप बेटावर सुमारे ७०,००० माणसें महिनोन्‌महिने घराबाहेर ठेवलीं होतीं, आणि मोठा उद्रेक झालाच नाहीं. अशी फजिती कोणत्या अधिकाऱ्यास हवी असेल? पिनातुबोच्या परिसरांत मोरीस क्राफ्त या फ्रेंच शास्त्रज्ञानें उतरविलेला चित्रपट दाखविण्यांत आला. तप्त राखेचे लोंढे काय करतात, तें लोकांनीं त्यांत डोळ्यांनीं पाहिलें. त्याच दिवसांत, ३ जून रोजीं, मोरीस व त्याची पत्नी कातिया जपानांतील उनझेनच्या अशाच लोंढ्यांत मरण पावलीं.

७ जून रोजीं इशारा चौथ्या पायरीवर नेला गेला: चोवीस तासांत उद्रेक संभवतो. १० जून रोजीं क्लार्क तळावरून सुमारे १४,५०० माणसें हलविलीं. १५ जूनला महास्फोट झाला. त्याच दिवशीं वादळहि आलें. भिजलेल्या राखेच्या भारानें छपरें कोसळून शेंकडों लोक दगावले. तरीहि इशाऱ्यामुळें किमान ५,००० प्राण वांचले, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

आतां संगणकाला याहून अधिक शिकविलें जात आहे. न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर ९ डिसेंबर २०१९ रोजीं झालेल्या स्फोटानें २२ बळी घेतले. पुढें तेथील संशोधकांनीं नऊ वर्षांच्या कंपनांच्या नोंदी संगणकाला पुरवून स्फोटापूर्वींच्या खुणा ओळखावयास शिकविलें. मागें वळून पाहतां २०१९ ची खूण सुमारे १६ तास आधीं दिसत होती. पण खूण दिसली म्हणजे स्फोट होतोच असें नाहीं. बहुतेक वेळां तो होत नाहीं. निर्जन बेटावर इशारा फुकट गेला, तर एखादी सहल बुडते. ग्वादलूपप्रमाणें ७०,००० माणसें हलवावयाचीं असतील, तर हाच हिशेब अगदीं निराळा होतो.