मीटर आधी, अनुदान मग

वसंत व्याख्यानमालेच्या तिसऱ्या संध्याकाळी वक्त्यांनी टिपणांच्याही आधी पिशवीतून एक ऑटोस्विच काढला आणि टेबलावर ठेवला. पुढच्या रांगांत हशा पिकला. ज्याच्या विहिरीवर मोटार आहे, त्याच्या पेटीत तो असतोच. रात्री वीज आली की मोटार सुरू, गेली की बंद. मालक घरी झोपलेला. जाहीर झालेला विषय होता ‘ऊर्जा आणि पाणी क्षेत्रातील शासकीय अनुदाने’. निवृत्त अभियंता असलेल्या या वक्त्यांना मात्र एकच गोष्ट सांगायची होती: सरकारने पैसा यंत्राला देऊ नये, मोजलेल्या कामाला द्यावा.

‘सत्तरच्या दशकात अनेक राज्यांनी पंपाचे मीटर सोडले आणि हॉर्सपॉवरवर आकारणी आणली, हे आपल्याला ठाऊकच आहे,’ एवढ्यावर त्यांनी तो इतिहास संपवला. मोटार पाच हॉर्सपॉवरची असली की ती दोन तास चालवा नाहीतर आठ तास, बिल तेवढेच. शिवाय वीज कधी येईल याचा भरवसा नाही. मग ऑटोस्विच लावणाऱ्याचे काय चुकले? तो हिशेबाला धरूनच वागला. हिशेब मुंबईत चुकला होता.

हा दोष फक्त शेतीतला नाही, हे दाखवायला त्यांनी साताऱ्याच्या पठारावरच्या पवनचक्क्यांचे उदाहरण घेतले. नव्वदच्या दशकात पवनचक्की उभारणाऱ्याला पहिल्याच वर्षी पूर्ण घसारा दाखवून कर वाचवता येत असे. सवलत उभारणीवर होती. पाती वर्षभर किती फिरली, हे ती विचारत नव्हती. डिसेंबर २००९ मध्ये केंद्राने वेगळी वाट धरली. घसाऱ्याची सवलत न घेणाऱ्याला ग्रिडमध्ये आलेल्या प्रत्येक युनिटमागे ५० पैसे. ‘पैसा खांबाला नाही, युनिटला!’ हे वाक्य त्यांनी पुन्हा एकदा म्हटले. टाळ्या पडल्या.

मग ते ओझरला पोहोचले आणि तिथेच रमले. दहा मिनिटांसाठी काढलेला वाघाडचा प्रसंग अर्धा तास चालला, आणि तोच त्या संध्याकाळचा गाभा ठरला. नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड धरणाच्या कालव्यावर ओझर गाव टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला. तेव्हा पाण्यासाठी नमुना सातचा अर्ज भरायचा, पाटकऱ्याची वाट पाहायची आणि वरच्यांचे भिजवून झाल्यावर उरले तर पाणी घ्यायचे. पाणीपट्टी पिकावर आणि क्षेत्रावर. एकराला पाणी किती लागले हे कोणी मोजत नव्हते, म्हणून वरचा शेतकरी सारा वाफा तुडुंब भरून घेई. समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी १९९० च्या सुमारास तिथे तीन पाणीवापर संस्था उभ्या केल्या आणि शासनाशी करार केला: आमचा कोटा ठरवा, चारीच्या तोंडाशी पाणी मोजून द्या, घनमापनाने पैसे घ्या, आत कोणते पीक घ्यायचे ते आमचे आम्ही पाहू. वाचलेले पाणी आता आपलेच आहे म्हटल्यावर लोक ते जपू लागले. ओढ्यांवर बांध पडले, विहिरींना पाझर लागला, द्राक्षबागा उभ्या राहिल्या. पुढे सगळ्या प्रकल्पाचाच कारभार शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आला. सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा कायदा राज्याने २००५ मध्ये केला. त्याच्या किती तरी आधी ओझरने तो जगून दाखवला होता, हे सांगताना वक्त्यांचा आवाज भरून आला.

‘ते पाण्याचं झालं. विजेचा मीटर बसला की बिल येतं, आणि बिल थकलं की डीपी (रोहित्र) उतरवतात,’ मागून एक शेतकरी उठून म्हणाले. सभागृहाने त्यांना दाद दिली. वक्ते थोडे तापले. अनुदान काढा असे आपण एकदाही म्हटलेले नाही, रक्कम तेवढीच ठेवून फक्त ती देण्याची रीत बदला, असे त्यांनी दोनदा बजावले. उसाला काटा लागतो, दुधाला फॅट लागते; मोजमापाला शेतकरी कधीच घाबरला नाही. काटा मारणाऱ्याला तो घाबरतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

विजेतही ही रीत जमते, हे सांगायला त्यांनी आणखी दाखले दिले. पंजाबने २०१८ मध्ये काही फीडरवर ‘पाणी बचाओ, पैसे कमाओ’ योजना आणली: शेतकऱ्याला युनिटांचा कोटा आणि त्यातून वाचलेल्या दर युनिटला चार रुपये खात्यात. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात धुंडी गावच्या सौर पंपधारकांनी सहकारी मंडळी काढून पंप ग्रिडला जोडले. विहीर उपसून उरलेली वीज ते वीज कंपनीला विकतात. आपल्याकडे ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकरी किमतीच्या फक्त दहा टक्के भरतो. ते चांगलेच झाले. रात्री बिबट्याच्या भीतीत दारे धरणे थांबले. पण ग्रिडशी न जोडलेल्या पंपाला ऊन असेतो पाणी उपसण्याखेरीज काम नाही, आणि वाचवलेल्या पाण्याची दमडी मिळत नाही.

वेळ संपल्याची घंटी अध्यक्षांनी वाजवली. ठिबकची टिपणे हातातच राहिली. लहान शेतकऱ्याला ८० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळते, ते संच बसवल्यावर. तीन वर्षांनी लॅटरलची भेंडोळी गोठ्यात पडली का, हे पाहायला कोणी जात नाही, एवढे ते घाईने बोलले. एलईडीचा दिवा अनुदानाशिवाय, नुसत्या घाऊक खरेदीने ३१० रुपयांवरून ३८ रुपयांवर आल्याची हकिगत एका वाक्यात गेली.

शेवटचा प्रश्न त्याच शेतकऱ्याचा होता. बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या ४४ लाख पंपांना मार्च २०२९ पर्यंत बिल नाही. पण पुढे काय?

म्हणूनच आत्ता, असे वक्त्यांचे उत्तर होते. बिल शून्य असताना मीटर बसला तर कोणाचे काही जात नाही. हातात आपल्या वापराची खरी नोंद राहते, आणि २०२९ मध्ये कोटा मागायला, वाचवलेल्या युनिटचे पैसे मागायला तीच कामी येईल. ओझरवाले आधी मोजायला तयार झाले, म्हणून त्यांना करार मिळाला. प्रत्येक पंपाला जमत नसेल तर निदान डीपीला मीटर लावून घ्या आणि त्याचे आकडे दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा, अशी विनंती करून त्यांनी ऑटोस्विच पिशवीत ठेवला.