दुखणारे मूल आणि त्याचे घर



आम्ही चाळीचाळींतून संघटना बांधणारे. वैद्यकी शिकलेलो नाही. पण एक घर जवळून पाहिले. दहा वर्षांच्या मुलीचे पोट सहा महिने दुखत होते. डॉक्टरांना तपासणीत काही सापडले नाही, तेव्हा बाप म्हणाला, “पोरगी ढोंग करते.” इथेच माणसे चुकतात. दुखणे खरे असते. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ साली असे मांडले की, वेदनेच्या वाटेवर मज्जारज्जूत जणू एक फाटक असते; मन भ्याले की ते अधिक उघडते. आग विझल्यावरही भोंगा वाजतच राहावा, तसे हे दुखणे.

औषधाशी आमचे वैर नाही. वजन घटत असेल, ताप येत असेल, तर आधी दवाखाना. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली मुलांच्या जुनाट दुखण्याविषयी मार्गदर्शन केले, त्यात व्यायाम आणि मानसोपचार यांनाही औषधांबरोबर जागा दिली आहे.

त्या आईने तासातासाला “दुखतंय का गं?” विचारणे सोडले. हे तिला सर्वांत जड गेले. शाळा आधी दोन तास, मग अर्धा दिवस. रोज ठरलेले चालणे. बऱ्या दिवशी जास्त नाही, वाईट दिवशी बंद नाही. (पहिल्याच दिवशी घसा फोडणारा कार्यकर्ता संपाच्या आठव्या दिवशी दिसत नाही, हे आम्हांस ठाऊक!) निजताना सावकाश, पोटातून श्वास.

पोट अजून अधूनमधून दुखते. पण दिवाळीनंतर मुलगी पूर्ण दिवस शाळेत बसू लागली, आणि पोहोचवायला बाप जातो.