टाकी भरली, पुढे काय?



आपल्या वेळी संगणकाच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचो आणि बाईंनी सांगितल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. यंदा त्याच खोलीत मी नववीच्या मुलांबरोबर बसले. शाळेच्या छतावरचे पावसाचे पाणी साठवायचे, हा त्यांचा प्रकल्प. आपल्या बॅचने ५,००० लिटरची टाकी कबूल केली होती, आकडा माझाच.

मुलांनी टेपने छत मोजले : २० बाय १० मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. स्प्रेडशीटमध्ये वर्षाचा ७०० मिलिमीटर पाऊस घातला, २० टक्के वाया धरला. उत्तर १,१२,००० लिटर! मी खूश. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "ताई, ३२ मिलिमीटर पडला की टाकी भरते. पुढे काय?"

इतकी वर्षे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मला हे सुचलेच नव्हते. बाकीचे पाणी गटारात जाणार आणि मार्चमध्ये मुलींच्या स्वच्छतागृहाचा नळ कोरडाच राहणार.

मुलांचे म्हणणे असे : टाकी लहान घ्या. उरलेल्या पैशांत वाळू-खडीची गाळणी बांधून जादा पाणी शाळेच्या बोअरवेलच्या पुनर्भरणासाठी सोडा.

टाकीवर बॅचचे नाव मोठे रंगवता आले असते. जमिनीत मुरलेल्या पाण्यावर ते येणार नाही. तरीही आज आपण मुलांचे ऐकावे, एवढीच विनंती.