इथे काहीतरी आहे, हे कोण सांगणार?

(एपिसोडचा लेखी मजकूर. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत.)

कानात इअरफोन आहेत ना? तुमच्यातले बरेच जण आत्ता कंपनीच्या बसमध्ये असतील, चिंबळी फाट्याच्या आसपास, आणि बस हलत नसेल. म्हणजे वेळ आहे आपल्याकडे.

आजचा विषय बुद्धिबळ. त्यातही पटावरची ती एक भारी चाल. आपण उंट नाहीतर वजीर सरळ देऊन टाकतो आणि समोरचा कोसळतो. बलिदान.

मी चाकणला एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला आहे. भोसरीहून बसने जातो, जाता-येता दोन-अडीच तास. त्या वेळात लिचेसवर पझल्स सोडवायला लागलो. फुकट आहेत, जाहिराती नाहीत. आठ महिन्यांत पझलचं रेटिंग २१०० च्या वर गेलं. शेजारच्या सीटवरचा मित्र म्हणायचा, "तू तर ग्रँडमास्टरच झालास की!" आणि खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

मग एका रविवारी चिंचवडला स्पर्धा होती. एक दिवसाचा पगार सोडून, सुट्टी टाकून गेलो. घरी सांगितलं होतं, मोबाइलवर टाइमपास करत नाही मी, बघाच आता. शेवटच्या फेरीत समोर बसली अकरा-बारा वर्षांची एक मुलगी. माझी पांढरी मोहरी.

पट डोळ्यांसमोर आणा. तिचा राजा कॅसलिंग करून जी-८ वर. माझा उंट डी-३ वर, घोडा एफ-३ वर, वजीर डी-१ वर, प्यादं ई-५ ला पुढे. तिचा एफ-६ वरचा घोडा हाकललेला. हे चित्र मी फोनवर शेकडो वेळा बघितलेलं. इटलीचा ग्रेको नावाचा खेळाडू १६२० च्या सुमारास हे लिहून गेलाय. उंटाने एच-७ चं प्यादं मारायचं, शह. राजाने उंट खाल्ला की घोडा जी-५ वर, पुन्हा शह. राजा परत जी-८ ला गेला की वजीर एच-५ वर. आता एच-७ वर मात.

मी दहा सेकंदांत उंट दिला. तिने खाल्ला. घोडा, शह. राजा मागे. वजीर एच-५ वर. आणि मी खुर्चीत मागे टेकून बसलो. पाणीबिणी प्यायलो.

ती मिनिटभर बघत राहिली. मग तिने सी-८ चा उंट उचलून एफ-५ वर ठेवला. बस्स. एच-७ चं घर झाकलं गेलं. तो उंट माझ्या वजिराने खावा, तर मध्ये जी-५ वर माझाच घोडा! एक उंट कमी घेऊन वीस चाली रडत खेळलो आणि हरलो. उठताना ती म्हणाली, "काका, माझ्या उंटाला वाट होती ना." मी सत्तावीस वर्षांचा आहे, मंडळी. काका!

परतताना पीएमपीच्या बसमध्ये मी फोन काढलाच नाही. एकच विचार: इतकी पझल्स सोडवून मी शिकलो काय?

उत्तर मिळायला दोन आठवडे लागले. लिचेसची पझल्स खऱ्या लोकांच्या खऱ्या डावांतून काढलेली असतात. कॉम्प्युटर डाव तपासतो, जिथे एकच जोरदार चाल आहे ती जागा कापून आपल्याला देतो. म्हणजे ॲपने अर्धं काम आधीच केलेलं असतं. 'इथे काहीतरी आहे' हे त्याने सांगितलेलं असतं. आपण फक्त 'काय आहे' ते शोधतो. खऱ्या डावात चाळीस चाली असतात आणि कुठल्याही चालीला कोणी शिट्टी वाजवत नाही. कधी काहीच नसतं. आणि नसताना असल्यासारखं वाटतं, ते सगळ्यात महाग पडतं.

दुसरं. पझल उघडलं की आधी समोरच्याची एक चाल आपोआप होते. आपण ती बघतच नाही. पण चूक बहुतेक वेळा तिथेच असते! त्या चालीने एखादं मोहरं उघडं पडलेलं असतं, नाहीतर राजाजवळचा पहारेकरी हललेला असतो.

तर आता मी काय करतो, ते सांगतो. समोरच्याची चाल झाली की स्वतःला विचारतो: या चालीने काय सोडलं? कुठलं घर, कुठलं मोहरं आता राखलेलं नाही? मग माझे सगळे शह बघतो, सगळ्या मारामाऱ्या बघतो, सगळ्या धमक्या बघतो. याच क्रमाने, कारण शहाला उत्तर द्यावंच लागतं, म्हणून तिथे हिशोब सोपा. आणि बलिदान दिसलं, की हात मांडीखाली. मग समोरच्याच्या बाजूने बसतो. तिचा सगळ्यात चिवट बचाव कोणता? तो सापडेपर्यंत मोहऱ्याला हात नाही.

म्हणजे पॅटर्न शिकायचे नाहीत का? शिकायचेच. २०१३ मध्ये विक आन झीच्या टाटा स्टील स्पर्धेत विश्वनाथन आनंदने काळ्या मोहऱ्यांनी अरोनियनला २३ चालींत हरवलं. उंट आणि घोडा मारात ठेवून खेळला तो. त्याला त्या वेळी रुबिनस्टाइनचा १९०७ चा डाव आठवला होता. एकशे सहा वर्षांपूर्वीचा! आपल्याकडेही १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्रींचं बुद्धिबळावरचं पुस्तक इंग्रजीत छापलं गेलं, मूळ संस्कृतातलं. त्यात मात करायची कोडीच कोडी. म्हणजे ही सवय जुनी आहे. पण जुनं चित्र फक्त संशय देतं. खात्री हिशोबाने येते.

आमच्या लाइनवर हेच असतं. पीस डोळ्यांना ओके दिसतो. रोज तेच पीस बघून हात आपोआप पुढे सरकवतो. पण गो–नो-गो गेज लावल्याशिवाय ओके म्हणायचं नाही. कुठला पीस खराब आहे, हे कोणी सांगत नाही. हे मी कामावर पाच वर्षं पाळतोय. पटावर विसरलो.

आणि नागपूरची दिव्या देशमुख बघा. २८ जुलै २०२५, जॉर्जियातलं बाटुमी, महिला वर्ल्ड कपची फायनल. कोनेरू हम्पीबरोबर दोन क्लासिकल डाव बरोबरीत. मग रॅपिड. दुसऱ्या रॅपिड डावात वेळेच्या दडपणात हम्पीकडून चूक झाली आणि काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या दिव्याने ती पकडली. एकोणीस वर्षांची मुलगी, स्पर्धेला गेली तेव्हा ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नव्हता. परतली ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर होऊन. घड्याळ पळत असताना तिला कोणी सांगितलं नव्हतं, की ताई, आता बघ, इथे काहीतरी आहे.

आता गृहपाठ. पट मांडा. पांढरे: राजा जी-१, वजीर ई-६, घोडा एच-६, प्यादी एफ-२, जी-२, एच-२. काळे: राजा एच-८, हत्ती डी-८, वजीर बी-२, प्यादी जी-७ आणि एच-७. चाल पांढऱ्याची. हे झालं पहिलं चित्र. दुसऱ्यात सगळं तेच, फक्त काळा वजीर बी-२ ऐवजी बी-७ वर.

एका चित्रात पांढऱ्याने वजीर दिला की दोन चालींत मात आहे. दुसऱ्यात तोच वजीर दिला तर डाव गेला. कुठल्यात काय, ते मी सांगणार नाही. कॉम्प्युटर लावू नका. हात मांडीखाली ठेवा आणि काळ्याच्या बाजूने बसून बघा.

मी पुढच्या महिन्यात पुन्हा स्पर्धेला जातोय. ती मुलगी आली, तर तिला आधीच सांगणार आहे: काका नाही, दादा म्हण.

चला, तुमचा स्टॉप आला असेल. भेटू पुढच्या एपिसोडला.