हिरकणी गड का उतरली?



ज्यांना आपण सारे हयातभर नुसते 'बाई' म्हणत आलो, त्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानासाठी आपण माझी आठवण केलीत, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. इंदूर-उज्जैन रस्त्यावरच्या या गावात माझे बालपण गेले. घरात मराठी, ओट्यावर माळवी आणि शाळेत हिंदी, अशा तीन भाषांच्या मांडीवर आम्ही वाढलो. पुढे सारा जन्म मराठी शिकवण्यात गेला. अशा माणसाने संतवाङ्मयावर किंवा कादंबरीवर बोलावे, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. 'मातेचे दूध आणि आपला समाज' हा विषय मी कळवला, तेव्हा एका हितचिंतकाने संकोचाने विचारले, "सर, विषय थोडा नाजूक नाही का?" मी त्यांना म्हणालो, "तो नाजूक वाटतो, म्हणूनच बोलायचे आहे."

आरंभी एक कबुली देतो. वर्गात हिरकणीची गोष्ट मी अनेकदा सांगितली. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, कोजागरीची रात्र, बंद झालेले दरवाजे, घरी राहिलेले तान्हे मूल, आणि काळोखात कडा उतरून गेलेली ती आई. इतिहासाच्या कागदांत तिचा शोध घेणाऱ्यांनी तो अवश्य घ्यावा. मराठी मनात मात्र ती केव्हाच बुरुजासारखी उभी आहे. एका वर्षी एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, घरी दुसरे कोणीच नव्हते का? एक रात्र बाळाला कोणीही सांभाळले असते." मागच्या बाकांवर हसू फुटले. मी घाईने म्हणालो, "आईची माया वेगळी असते," आणि पुढच्या पाठाकडे वळलो.

ते उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते. बाळाला दुसऱ्या कोणी सांभाळले असते, परंतु त्याची भूक कोणी भागवली असती? हिरकणी गड उतरली ती बाळाला पाजण्यासाठी. दिवसभर गडावर दूध विकणाऱ्या त्या बाईच्या गोष्टीतून नेमके तिचे स्वतःचे दूध आम्ही मास्तरांनी गाळून टाकले. माया हा शब्द उच्चारता आला, दूध हा शब्द उच्चारता आला नाही. ती मुलगी पुढे आई झाली असेल. तिला त्या वेळी खरे उत्तर द्यायला हवे होते, ही रुखरुख आजही आहे.

वास्तविक आपली भाषा या बाबतीत आपल्याइतकी संकोची कधीच नव्हती. 'अंगावर पाजणे' हा शब्दप्रयोग आमच्या आजीच्या पिढीने चारचौघांत सहज वापरला. एका आईचे दूध प्यालेल्या परक्या मुलांना आपण दूधभाऊ म्हटले आणि त्या नात्याचा मान राखला. नातवंडाला दुधावरची साय म्हटले. संतांनी देवाला माउली म्हटले आणि भक्ताला तिच्या कुशीतले तान्हे. भूक लागलेले लेकरू व पान्हावलेली आई या चित्राहून भक्तीचे जवळचे चित्र त्यांना सापडले नाही.

'पान्हा' हाच शब्द घ्या. संस्कृत 'प्रस्नव' या शब्दापासून प्राकृतातून तो आपल्याकडे आला. आईला बाळ आठवले की पान्हा फुटतो, आणि गाय बावरली की पान्हा चोरते, असे आपण म्हणतो. आता शरीरशास्त्र काय सांगते ते पाहा. दूध तयार होणे आणि ते स्तनातून उतरणे या दोन निराळ्या क्रिया आहेत. पहिलीला प्रोलॅक्टिन हे संप्रेरक कारण होते, दुसरीला ऑक्सिटोसिन. बाळाच्या चोखण्याने हे दुसरे संप्रेरक स्रवते, पण बाळाच्या नुसत्या रडण्याने, कधी त्याच्या आठवणीनेही स्रवते. उलट भीती, दुखणे, अपमान व चिंता यांनी त्याला अटकाव होतो. म्हणजे अडाणी म्हटल्या गेलेल्या आमच्या आजीबाईंनी निरीक्षणाने जे जाणले, तेच प्रयोगशाळेने सिद्ध केले. यातून निघणारा बोध मात्र आपण घेतलेला नाही. गोठ्यात गाय बिचकू नये म्हणून आपण आवाज खाली आणतो, आणि घरातल्या बाळंतिणीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणतो, "हिला दूधच नाही."

दुसरा शब्द 'चीक'. हिंदीत त्याला खीस म्हणतात. गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस करून आपण शेजारीपाजारी वाटतो आणि ज्याच्या घरून तो आला त्याचे नाव आठवणीत ठेवतो. परंतु बाळंतिणीच्या स्तनात पहिले दोन-तीन दिवस येणारा तोच दाट पिवळसर चीक 'बाळाला बाधेल' म्हणून पिळून टाकण्याची चाल अनेक घरांत होती आणि काही घरांत अजून आहे. त्याऐवजी बाळाला मध चाटवायचा, घुटी द्यायची, गुळाचे पाणी द्यायचे. या चालीला केवळ अडाणीपणा म्हणणे योग्य नव्हे. खुद्द सुश्रुतसंहितेत दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरते असे मानून तोवर मध-तूप देण्यास सांगितले आहे. पूर्वजांनी त्यांच्या काळच्या ज्ञानाप्रमाणे सांगितले. आपण आपल्या काळच्या ज्ञानाप्रमाणे वागावे, हाच त्यांचा खरा मान होय. चीक अल्प असतो, कारण नवजात बाळाचे पोटही तेवढेच लहान असते. रोगांशी झुंजणारी प्रतिद्रव्ये त्यात भरपूर असतात. आणि मधातून होऊ शकणाऱ्या एका गंभीर विषबाधेमुळे वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये, असे आज वैद्यक बजावते.

आता जे सांगणार आहे, ते आजवर जाहीरपणे सांगितलेले नाही. १९६३ सालची गोष्ट. माझी थोरली बहीण पहिलटकरीण म्हणून माहेरी, इथे सांवेरला आली होती. मुलगा झाला. घरात आनंदीआनंद झाला. चीक काढून टाकला गेला. तीन दिवस मध आणि पाणी. बाळ रडे, तेव्हा आल्यागेल्या बायका म्हणत, "अंगावर पुरत नाही." ताई मान खाली घालून ऐके. एके दिवशी वडिलांनी माझ्या हाती पैसे ठेवले आणि मी बसने इंदूरला जाऊन भुकटीच्या दुधाचा डबा घेऊन आलो. डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्र होते. तो डबा छातीशी धरून आणताना मला फार मोठे काम केल्याचा अभिमान वाटला होता. डबा महाग, म्हणून दोन चमच्यांच्या जागी एक. पाणी विहिरीचे, बाटली एकच. पावसाळा लागला आणि बाळाला जुलाब सुरू झाले. श्रावण उजाडण्यापूर्वी पाळणा माळ्यावर गेला.

कोणी कोणाला दोष दिला नाही. 'आयुष्य तेवढेच होते' असे सारे म्हणाले. ताई मात्र म्हातारपणी एकदा मला म्हणाली, "भाऊ, मला दूध होते रे. रात्री लुगडे भिजायचे. पण सगळ्याजणी सांगत होत्या, म्हणून मला वाटले, नसेलच." ज्या घरात चार शिकलेली माणसे होती, त्या घरातली ही गोष्ट आहे. त्या घरात प्रेमाची वाण नव्हती, वाण ज्ञानाची होती.

शोकाचे रूपांतर विद्येत करता येते, याचा धडा एका मराठी स्त्रीने पूर्वीच घालून दिला आहे. आनंदीबाई जोशी यांचे पहिले मूल अवघ्या दहा दिवसांत गेले, तेव्हा त्यांचे वय १४ च्या घरात होते. त्या समुद्र ओलांडून गेल्या आणि १८८६ साली अमेरिकेत वैद्यकाची पदवी घेणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना झाली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. अलीकडच्या काळात गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावच्याच स्त्रियांना नवजात बाळाच्या काळजीचे शिक्षण दिले. बाळाला ऊब द्या, लगेच पाजा, वरचे काही देऊ नका, धोक्याची लक्षणे ओळखा. त्या कामाचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. त्या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते. हे काम प्रामुख्याने गावातल्याच शिकवलेल्या बायांनी केले.

देशातही जागृती झाली. १९८१ साली जागतिक आरोग्य परिषदेने भुकटीच्या दुधाच्या विक्रीसाठी आचारसंहिता संमत केली. १९८९ साली मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या प्रयत्नाने मातृदुग्धपेढी उभी राहिली. आशिया खंडातील ती पहिली मानली जाते. १९९१ साली वर्ध्यात स्तनपानाचा पुरस्कार करणारी देशव्यापी संघटना स्थापन झाली. १९९२ साली कायदा झाला आणि २००३ साली तो अधिक कडक करण्यात आला. त्यान्वये दोन वर्षांपर्यंतच्या बालकांच्या अशा अन्नाची व बाटल्यांची जाहिरात करणे, मातांना फुकट नमुने देणे, डब्यावर बाळाचे चित्र छापणे यांस बंदी आहे. मी छातीशी धरून आणलेला तो डबा आज तसा विकता येणार नाही.

याचे फळ दिसते. पहिले सहा महिने केवळ आईच्या दुधावर वाढणाऱ्या बालकांचे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २००५-०६ साली सुमारे ४६ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये सुमारे ६४ टक्के झाले. मात्र त्याच पाहणीतला दुसरा आकडा आपल्याला खाली बघायला लावतो. जवळजवळ ८९ टक्के बाळंतपणे दवाखान्यांत झाली, तरी जन्मानंतर पहिल्या तासात आईचे दूध मिळालेली बालके केवळ ४२ टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे आता सारा दोष आजीच्या माथी मारता येणार नाही. बाळाला आईपासून दूर नेणे, आईला वेळेवर बसते न करणे, 'नंतर पाहू' म्हणणे, हे दवाखान्याच्या पांढऱ्या भिंतींआडही घडते. अंधश्रद्धा केवळ लुगड्यातच असते असे नाही.

आता संकोचाच्या प्रश्नाकडे येतो. आमच्या लहानपणी ओट्यावर, शेताच्या बांधावर, बाजाराच्या दिवशी वडाखाली बायका मुलांना पाजत. पदर असे, पण लाज नसे. शहरी सभ्यतेने आपल्याला स्तन हा अवयव जाहिरातीत पाहायला शिकवला आणि बाळाच्या तोंडी पाहवेनासा केला. २०१८ साली 'गृहलक्ष्मी' या मल्याळी नियतकालिकाने मुखपृष्ठावर बाळाला पाजणाऱ्या स्त्रीचे छायाचित्र छापले, तेव्हा प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेले, आणि न्यायालयाने त्यात अश्लीलता मानली नाही. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयानेही सार्वजनिक जागी बाळाला पाजणे निंद्य मानू नये आणि त्यासाठी सोय असावी, या बाजूने कौल दिला. महाराष्ट्रात एस. टी. स्थानकांवर अशा खोल्यांना 'हिरकणी कक्ष' हे नाव मिळाले. जे मला वर्गात सांगता आले नाही, ते एका पाटीने सांगितले.

परंतु एक सावधगिरी बाळगू या. आईच्या दुधाची थोरवी गाताना ज्या आईला ते देता येत नाही, तिच्यावर आपण नवा कलंक लावता कामा नये. कोणी आजारी असते, कोणाचे बाळ अपुऱ्या दिवसांचे असते, कोणी मूल दत्तक घेतलेले असते, कोणाला पोटासाठी आठवड्यात कामावर जावे लागते. प्रसूतिविषयक कायद्यात २०१७ साली रजा २६ आठवड्यांची झाली, हे खरे. पण शेतावर खुरपणाऱ्या आणि बांधकामावर घमेली वाहणाऱ्या बाईला ती रजा कोण देणार? जिला अडचण आहे तिला वैद्याचा सल्ला आणि घराचा आधार हवा, प्रवचन नको.

मग शिकवायचे कोणाला? बाळंतिणीला तर शिकवावेच, पण तिच्या आधी सासूला, नवऱ्याला, दिराला आणि 'पुरत नाही' म्हणत डोकावणाऱ्या शेजारणीला. सांगायच्या गोष्टी मूठभरच आहेत. पहिल्या तासात अंगावर घ्यावे. चीक टाकू नये. सहा महिने पाणीसुद्धा देऊ नये, माळव्याच्या उन्हाळ्यातही नाही, कारण दुधातच पुरेसे पाणी असते. पुढे घरचे मऊ अन्न सुरू करून दोन वर्षे व नंतरही पाजत राहावे. बाळ दिवसातून सहा वेळा लघवी करते आणि वजन धरते, तर दूध पुरते आहे असे समजावे. शंका आली तर दुकानात न जाता आशाताईंकडे किंवा दवाखान्यात जावे.

आणि मुलांना शिकवावे. बाई म्हणत, "जे वर्गात सांगायला लाज वाटते, ते मुले गल्लीत शिकतात." मी त्यांचा विद्यार्थी असूनही हे विसरलो. शिक्षकबंधूंना माझी विनंती आहे की, यापुढे हिरकणीची गोष्ट सांगाल तेव्हा ती पुरी सांगा.

संस्थेकडे एक मागणे आहे. १२ वर्षांनी भरणाऱ्या उज्जैनच्या सिंहस्थाला जाणारे कितीतरी यात्रेकरू आपल्या गावावरून जातात. २०१६ साली या रस्त्यालगत कडक उन्हात, भिंतीकडे तोंड करून बाळाला पाजत बसलेल्या आया मी पाहिल्या. आता २०२८ चा सिंहस्थ येत आहे. शाळेच्या रस्त्याकडील एका खोलीत सतरंजी, पिण्याचे पाणी आणि पंखा एवढी सोय करून दारावर 'हिरकणी' अशी पाटी लावावी. सिंहस्थानंतरही ती खोली बंद करू नये. पालकसभेला येणाऱ्या आयांना ती उपयोगी पडेल. त्या खर्चातला पहिला वाटा माझ्या ताईच्या नावे मी देतो. पाटीवर तिचे नाव नको. खोली उघडी असावी, एवढे पुरे.