दुसरी किल्ली कुणाच्या हातात?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



पोटगी, घरगुती हिंसा, सातबाऱ्यावर नाव यांवर आपण वर्षानुवर्षं बोलत आलो आहोत. पासवर्ड हा तरुण पोरांचा विषय, असं मलाही वाटायचं. मग आमच्या केंद्रात एक मुलगी आली.

एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होती. वसतिगृहात जागा मिळाली होती, घरी ते पसंत नव्हतं. ती खोली घ्यायला गेली तर तिथले बाबू म्हणाले, "तुम्हीच तर कळवलंत, जागा नको म्हणून." विद्यापीठानं तिला दिलेल्या ईमेलवरूनच तसं पत्र गेलं होतं, खाली तिचंच नाव. लिहिलं होतं तिच्या भावानं. पासवर्ड काय, तर तिची जन्मतारीख. प्रवेशाच्या वेळी मिळालेला तोच चालू ठेवला होता. जन्मतारीख घरात कुणाला ठाऊक नसते?

आम्ही उत्साहानं कामाला लागलो. पासवर्ड बदलला आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू केली. यात अवघड काही नाही. पासवर्ड ही आपल्या डोक्यातली गोष्ट, ती दुसऱ्याला कळू शकते. म्हणून खातं दुसरा पुरावा मागतं, आपल्या हातातल्या वस्तूचा. बहुतेक वेळा ती वस्तू म्हणजे फोन. इंटरनेटवर कार्डानं पैसे भरताना अशी दुसरी पडताळणी रिझर्व्ह बँकेनं 2009 च्या ऑगस्टपासून सक्तीची केली. ओटीपी हा शब्द आता आजीलाही माहीत आहे.

आम्ही तिचा मोबाईल नंबर दिला, कोड आला, खातं उघडलं. मी तिला म्हटलं, "आता निर्धास्त राहा."

आठवड्याभरात ती परत आली. "ताई, माझा फोनच बंद पडलाय." सिम भावाच्या नावावर होतं. त्यानं दुकानात जाऊन डुप्लिकेट सिम घेतलं. कायद्यानं ते त्याचंच. एक-दोन दिवसांत तिचे सगळे कोड त्याच्या हातातल्या फोनवर येऊ लागले. 'पासवर्ड विसरलो' दाबलं की नवा पासवर्ड. दुसरी किल्ली आम्हीच त्याला नेऊन दिली होती. चूक आमची होती, आणि ती या शिबिरात सांगायची असं मी ठरवलं होतं.

ही यंत्रणा बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर चोर आहे तो लांबचा, परक्या शहरातला. आपल्याकडे येणाऱ्या बाईचा चोर शेजारच्या खोलीत झोपतो. त्याला तिच्या बोटाचा ठसाही झोपेत घेता येतो.

म्हणून आता आम्ही पहिला प्रश्न विचारतो : सिम कुणाच्या नावावर आहे? नसेल तिच्या नावावर, तर एसएमएसवर येणारा कोड टाळायचा. त्याऐवजी फोनवर ऑथेंटिकेटर नावाचं ॲप घेता येतं. त्यातला सहा आकडी कोड दर तीस सेकंदांनी बदलतो, त्याला रेंजही लागत नाही. तो सिमशी नाही, त्या फोनशी बांधलेला असतो. फोनच घरात चार जणांचा असेल तर तेही उपयोगाचं नाही. तेव्हा बॅकअप कोड कागदावर उतरवून घ्यायचे. गुगलच्या खात्याला असे दहा कोड मिळतात, आठ-आठ आकड्यांचे, प्रत्येक एकदाच चालतो. कागद साडीच्या घडीत ठेवू नका, तिथे सगळे आधी बघतात. या मुलीचा कागद आमच्या केंद्राच्या कपाटात आहे.

मात्र घाई करू नका. नंबर किंवा पासवर्ड बदलला की जुन्या नंबरावर, जुन्या ईमेलवर सूचना जाऊ शकते. त्याला कळतं की हिनं काहीतरी केलं. त्या संध्याकाळी घरात काय होईल, हे आधी तिलाच विचारा. आणि बदल करायचाच असेल तर तो ज्या फोनला हात लावत नाही अशा फोनवरून करा. इतर फोनांवर खातं उघडं असेल तर तिथून बाहेर पडा. आपली पत्रं दुसऱ्या पत्त्यावर आपोआप जात नाहीत ना, खातं परत मिळवण्यासाठी कुणाचा नंबर दिलाय, तेही पाहा. नुसतं कुलूप बदलून आत बसलेला माणूस बाहेर जात नाही.

विद्यापीठाचं खातं विद्यापीठाच्या ताब्यात असतं. ॲप चालेल की नाही, ते तिथला संगणक विभाग ठरवतो. म्हणून तिथे जाऊन मागण्या करायला हव्यात. लॉगिनसाठी पालकांचा नंबर घेऊ नका. पहिला पासवर्ड जन्मतारीख ठेवू नका. 'मी तिचा भाऊ बोलतोय' एवढ्यावर फोनवरून खातं उघडून देऊ नका, मुलगी समोर येऊ दे. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीची नोंदणी करताना कोड आधारला जोडलेल्या नंबरावर येतो. तिथे ॲपचा उपाय नाही, आधारलाच तिचा स्वतःचा नंबर जोडून घ्यावा लागतो.

दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनं वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 सी खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. भावावर तक्रार करायची का, हा निर्णय तिचा. तिनं केली नाही. आम्ही जोर केला नाही. वसतिगृहाची ती जागा मात्र त्या वर्षी गेली ती गेलीच. स्वतःच्या नावाचं सिम तिनं पुढच्या महिन्यात घेतलं.

जाता जाता आपल्याच घरातलं. आमच्या संस्थेच्या ईमेलचा पासवर्ड कित्येक दिवस टेबलाच्या काचेखाली होता. त्या खात्यात बायकांचे जबाब, पत्ते, डॉक्टरांचे दाखले!

चहानंतर आपापले फोन घेऊन बसू या. सिम कुणाच्या नावावर आहे, ते आधी पाहू.